एकदाच विसळलेला चंबू

४ जानेवारी

आत्या,

नमस्कार घे, चष्मा लाव आणि मगच वाच. फोनवर सांगितलं असतं, पण भट्टीच्या आवाजाने गेलेले तुझे कान फोनवर अर्धं ऐकतात आणि उरलेलं अर्धं तू स्वतः रचतेस. मागच्या खेपेला मला नुसती सर्दी झाली होती आणि तू घरभर मला दवाखान्यात दाखल करून टाकलंस.

तर बातमी अशी की माझ्या पिशव्या टिकल्या. अठ्ठावीस दिवस.

कसल्या पिशव्या, असं विचारू नकोस. तीन वर्षं मी दुसरं काहीच करत नाहीये. तरी पुन्हा सांगते. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याकडे धावतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं, हे मला लहानपणी तूच शिकवलंस. आम्ही तसल्याच पण सौम्य जातीच्या पदार्थात थोडं कोलेस्टेरॉल घालतो आणि काचेच्या गोलबुडाच्या चंबूत त्याचा पातळ थर सुकवतो. वर पाणी घालून हलवलं की थर सुटतो आणि आपोआप मिटून त्याच्या बारीक बारीक पिशव्या होतात. शास्त्रातलं नाव निओसोम, तू पिशव्याच म्हण. त्यांच्या पोटात आम्ही सांधेसुजीचं औषध भरतो. ते औषध भारी कडक आहे. नुसतं दिलं तर अंगभर हिंडून यकृताचं वाटोळं करतं. पिशवीतून दिलं तर सुजेच्या जागी रक्तवाहिन्या सैल झालेल्या असतात, तिथून ती बाहेर पडते आणि तिथेच रिकामी होते. निदान उंदरांच्या गुडघ्यात तरी.

गोम एकच, या पिशव्या गळतात. सगळ्यांच्या गळतात. चार दिवसांत एकमेकींना चिकटून तळाशी बसतात आणि औषध बाहेर. माझ्या गळल्या नाहीत. आमच्या बाई, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, ज्यांना तू न भेटताच आंबट ठरवलंयस, त्या चक्क हसल्या. एप्रिलच्या परिषदेत मी बोलणार आहे. शेजारच्या टेबलावरच्या टापटीपचं तोंड बघण्यासारखं झालं. तो पेनंसुद्धा मोजपट्टी लावून ठेवतो आणि त्याच्या पिशव्या मात्र गळतात.

साबण संपत आला. इथल्या धुण्याच्या द्रवाने माझे हात फाटतात, म्हणून मी चंबूसुद्धा तुझ्याच वडीने धुते. बाईंना ठाऊक नाही. दोन वड्या पाठव.

तुझी भुणभुण

११ जानेवारी

भुणभुणे,

सुखी राहा. मी शेवट आधी वाचला, त्यामुळे साबण हवाय एवढं लगेच कळलं. बाकीचं जेवण झाल्यावर वाचलं.

रविवारी खाली जेवायला गेले तेव्हा तुझं पत्र दादाला आणि वहिनीला वाचून दाखवलं. उंदरांचे गुडघे आले तेव्हा वहिनीने घास ताटात परत ठेवला. दादा म्हणाला, पोरगी आत्यावर गेली. म्हणजे तोंडाने म्हणाला नाही, पण चेहरा तसा होता.

दोन मागितल्यास, चार वड्या पाठवते. जपून वापर, असला साबण दुकानात मिळत नाही. एकतीस वर्षं कारखान्यात भट्टीपाशी काढली तेव्हा कुठे हात बसला. चार तास एकाच दिशेने ढवळायचं, मध्ये दारावर कोणी आलं तरी उठायचं नाही, मग दीड महिना फळीवर वाळवायचं. हल्ली दादा दर रविवारी म्हणतो, तुझ्या साबणाला तोड नाही. वहिनी तिच्या बहिणींना वाटते, त्या त्यांच्या जावांना देतात. मोजून चौदा घरांत जातो. जिन्यात लोक मला थांबवून विचारतात, यंदाच्या वड्या झाल्या का. तुला तुझ्या पिशव्यांचं कौतुक, मला माझ्या वड्यांचं.

त्या टापटीप मुलाला फार चिडवू नकोस. नीटनेटकी माणसं कधीतरी उलटतात.

आत्या

६ फेब्रुवारी

आत्या,

तुझी जीभ काळी नाही म्हणणार, पण उलटला. म्हणजे त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नाही.

बाईंनी त्याला माझी वही दिली आणि माझीच कृती तीन वेळा करायला लावली. परिषदेला जाण्याआधी दुसऱ्या हाताने करून बघायची इथली पद्धतच आहे. तिन्ही वेळा चौथ्या दिवशी बाटलीच्या तळाशी पांढरा गाळ. मग बाईंनी मला कपाटातला नवा कोरा चंबू दिला आणि स्वतः स्टूल ओढून शेजारी बसल्या. मी तसंच केलं सगळं, अगदी तसंच. माझ्याही गळल्या.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दार लावलं आणि विचारलं, "आकडे जसे आले तसेच लिहिलेस ना?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "माझा विश्वास आहे. पण विश्वास परिषदेत दाखवता येत नाही." मार्चच्या अखेरपर्यंत कारण सापडलं नाही तर माझं नाव मागे घेणार आणि ते अठ्ठावीस दिवस वहीतून रद्द. माझा सगळा प्रबंध त्याच्यावर उभा आहे, आत्या. आणि नाव मागे घेतलं की सगळे एकच समजतील, हिने आकडे खोलीत बसून रचले.

मी नाही रचले. तू तरी मान.

आईबाबांना एवढ्यात सांगू नकोस.

भुणभुण

११ फेब्रुवारी

भुणभुणे,

मानते. तुला खोटं बोलता येत नाही, लहानपणी मडकं फोडलंस की आधी तूच रडायचीस. खोटं बोलायला थंड डोकं लागतं, ते आपल्या घरात फार थोड्यांना आहे.

तुझ्या आंबट बाईला भेटायला येते म्हणून मी पिशवीसुद्धा भरली होती. मग वाटलं, मी तिथे येऊन भांडले तर तुझं उरलंसुरलं नावही जाईल. म्हणून पिशवी रिकामी केली आणि विचार करत बसले.

आमच्या कारखान्यात एकदा आठवडाभर साबण पिवळा निघाला. साहेबांनी तेल बदललं, पाणी तपासलं, क्षाराची पिंपं परत पाठवली, दोघांना घरी बसवलं. साबण पिवळाच. शेवटी झाडणाऱ्या बाईने सांगितलं की दुसऱ्या पाळीतला माणूस कढई पुसायला भलतीच पोती वापरतो. तेव्हापासून काहीही बिघडलं की आम्ही पहिलं विचारायचो, कढई कोणी धुतली.

बाईने तुला कोरा चंबू दिला म्हणतेस. तुझा रोजचा चंबू कोण धुतं? तो टापटीप मुलगा त्याचा कशाने धुतो? बाकी सगळं सारखंच आहे तर भांडी बघ.

रडत बसू नकोस. जेव.

आत्या

२१ फेब्रुवारी

आत्या,

तुला कारखान्यातून निवृत्त करणाऱ्यांनी चूक केली.

पत्र वाचलं आणि मी मधल्या वाटेत उभीच राहिले. टापटीप चंबू इथल्या द्रवाने धुतो आणि शुद्ध पाण्याने पाच वेळा विसळतो. मी तुझ्या साबणाने धुते आणि एकदाच विसळते, कारण शुद्ध पाण्याचा कॅन भरून आणायचा मला कंटाळा येतो. म्हणजे माझ्या चंबूच्या आतल्या अंगाला तुझा साबण किंचित राहत होता. आणि आम्ही थर तिथेच सुकवतो, त्या काचेवरच.

मी तीन चंबू घेतले. एक इथल्या द्रवाने धुतला. एक तुझ्या साबणाने धुऊन पाच वेळा विसळला. एक तुझ्या साबणाने धुऊन एकदाच विसळला. आज सातवा दिवस. पहिले दोन तळाशी बसले. तिसरा दुधासारखा, एक कण खाली नाही.

बाईंना बोलावून दाखवलं आणि कबूल केलं. त्यांनी बाटली उजेडाकडे धरली, मग म्हणाल्या, "म्हणजे तू अप्रामाणिक नाहीस, अस्वच्छ आहेस. हे सुधारता येतं." टापटीप दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याला स्वच्छतेने दगा दिला.

पण अजून सुटका नाही. 'आत्याचा साबण' असं परिषदेत लिहिता येत नाही. त्यात काय काय आहे आणि किती, हे कळल्याशिवाय बाई पुढे जाऊ देणार नाहीत. तेव्हा तुझी ती कृती लागेल. तुला गुपित ठेवायचंय हे माहीत आहे, पण माझ्या मानेवर सुरी आहे. लवकर लिही. बाई प्रबंधात तुझे आभार मानायचं म्हणतायत, हेही तुझ्या कानावर घालते.

भुणभुण

२६ फेब्रुवारी

भुणभुणे,

तू सुटलीस ते वाचून मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या.

आता कृतीचं. असं बघ, कृती कागदावर उतरत नाही. ती हाताला कळते. वाऱ्यावर असते, तेलाच्या मूडवर असते. शिवाय यंदाची वडी वेगळी, मागची वेगळी. तुझ्या बाईंना विचार, 'एक घरगुती साबण' एवढंच लिहून भागणार नाही का? लोक समजून घेतात. आणि ते आभार वगैरे राहू देत, मला उगीच नजर लागायची.

नाहीच भागलं तर घे. खोबरेल चार वाट्या, एरंडेल एक वाटी, कुठलंही दुसरं तेल दोन वाट्या. कॉस्टिक सोडा एक वाटी, आणि वर थोडं मनाच्या समाधानासाठी. पाणी लागेल तसं. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकमध्ये नाही, नाहीतर तोंडावर येईल. कोमट झालं की तेलात ओतायचं आणि चार तास ढवळायचं. वास हवा तो.

ही कृती मी कोणालाही दिलेली नाही. वहिनीलाही नाही. अर्थात तिने कधी मागितलीही नाही.

बाकी इकडे सगळं ठीक. जास्त काय लिहू, हात दमला.

आत्या

९ मार्च

आत्या,

तुझा साबण केला. टापटीपने ढवळला, चार तास, घड्याळ लावून. "वर थोडं म्हणजे नेमकं किती ग्रॅम?" असं त्याने मला अकरा वेळा विचारलं. दीड महिना वाळवायला आहे कुठे, म्हणून गरम कपाटात चार दिवस ठेवला. वास थेट लहानपणीचा आला. नाकात गेला आणि का कोण जाणे, मला रडू फुटलं. टापटीपला वाटलं मी घरच्या आठवणीने हळवी झाले.

त्याने चंबू धुतला, एकदाच विसळला, पिशव्या केल्या. आत्या, त्या गळल्या नाहीत, फुटल्या. त्याच दुपारी. क्षार इतका जास्त की पिशव्यांचं सोड, माझ्या बोटांची सालं निघाली.

मग बाईंनी तू पाठवलेल्या वडीचा तुकडा यंत्रात घातला. त्यात काहीतरी परकं निघालं, जे तेल आणि कॉस्टिकपासून होऊच शकत नाही. मोठ्या कारखान्यातच बनतं. नेमकं काय ते शोधायला महिने लागतील आणि माझ्याकडे जेमतेम तीन आठवडे आहेत.

माझ्या लक्षात आलं काय झालं ते. तुझा तेलवाला भेसळ करतोय. तू त्याच्याकडून इतकी वर्षं डोळे मिटून तेल घेतेस आणि तो त्यात भलतंसलतं घालतो. मी बाबांना कालच लिहिलंय की त्याला जाऊन विचारा काय घालतोस म्हणून. तक्रार करायची वेळ आली तर तीही करू. त्याने कबूल केलं तर माझा प्रबंध वाचेल. तू काळजी करू नकोस आणि त्याच्याकडून एक थेंबही घेऊ नकोस.

भुणभुण

१४ मार्च

भुणभुणे,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

आधी तेलवाल्याचं. तुझं पत्र मिळाल्याबरोबर दादा पायात आला तो जोडा घालून निघाला. तेलवाला बिचारा डबे पुसत होता. दादाने त्याला अर्धा तास सुनावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, साहेब, ताई तर तीन वर्षांत माझ्याकडे फिरकल्या नाहीत, मलाच वाटायचं माझं काय चुकलं. दादा घरी येऊन मला विचारतो, मग तेल कुठून आणतेस? मी म्हटलं दुसरीकडून. तो म्हणाला पत्ता दे. मी घाबरून बाजारापलीकडच्या एका दुकानाचा पत्ता दिला. तिथे पंखे दुरुस्त करतात. तो उद्या तिकडे भांडायला जाणार आहे.

तेल मी कुठूनच आणत नाही. साबण मी करत नाही. तीन वर्षं झाली.

दोन बस बदलून जाते, जिथे मला कोणी ओळखत नाही अशा दुकानात. तिथून साध्या वड्या घेते. पातेल्यात थोडं पाणी घालून वाफेवर मऊ करते, थोडा वास घालते आणि माझ्या जुन्या लाकडी साच्यात ओतते. वेष्टणं कचऱ्यात टाकली तर कचरेवाली जिनाभर सांगेल, म्हणून गादीखाली सारते. एव्हाना गादी चार बोटं वर आली आहे.

का, तेही सांगते. हात गेले माझे. बोटांची पेरं सुजतात, सकाळी मूठ उघडत नाही. चार तास ढवळणं सोडच, बाटलीचं झाकण मी दाराच्या फटीत अडकवून उघडते. खाली जेवायला जाते तेव्हा हात पदराखाली ठेवते. अक्षरावरून तुम्हाला कळायला हवं होतं, पण माझं अक्षर आधीपासूनच असं की फरक कोणाला दिसणार. सांगितलं असतं तर साबण बंद झाला असता. आणि साबण बंद झाला की मी कोण? वरच्या मजल्यावरची बहिरी म्हातारी. चौदा घरांत माझं नाव निघतं ते त्या वडीमुळे निघतं. मला ते सोडवेना. खरं सांगू, तुझ्या पहिल्या पत्रातले ते उंदीर वाचले तेव्हा मला त्यांचा हेवा वाटला.

मी तुला दिलेली कृती खोटी नव्हती. ती माझी खरी, जुनी कृती आहे. खोटं एवढंच की तू वापरलेल्या वड्या त्या कृतीच्या नव्हत्या. ते सांगायला माझी जीभ उचलली नाही आणि त्यापायी तुझे दहा-बारा दिवस फुकट गेले. माझं चुकलं. तुझ्यावर कोणी आकडे रचल्याचा आळ घेतला तर मला सहन होणार नाही, कारण रचणारी मी आहे.

एक वेष्टण सोबत ठेवलंय. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात आत काय काय घातलंय त्याची सोळा नावं आहेत. बाईंना दाखव. दादाला आणि वहिनीला दाखवू नकोस, एवढं माझं ऐक.

आत्या

२७ मार्च

आत्या,

पत्र फाडलं नाही.

बाईंनी भिंग लावून ती सोळा नावं वाचली आणि अकराव्या नावावर बोट ठेवलं. यंत्राला सापडलेला पाहुणा तोच. तो पिशव्यांच्या अंगाला लागला की सगळ्यांना एकाच जातीचा विद्युतभार येतो, म्हणून त्या एकमेकींना दूर ढकलतात आणि चिकटत नाहीत. बाईंनी तो शुद्ध मागवला. टापटीपने तो तराजूवर कणभर मोजून घातला, पाच वेळा विसळलेल्या चंबूत. आज आठवा दिवस. सकाळी त्याने बाटली खिडकीपाशी धरली आणि मला हाक मारली. एक कण खाली नाही. त्याच्या हाताने झालं, आत्या. आता कोणी काही म्हणू शकत नाही. बाईंनी माझं नाव यादीत कायम ठेवलं.

तुझ्यावर मी दोन दिवस रागावले होते. खोटं कशाला बोलू, खूप रागावले होते. मग तुझं पत्र पुन्हा काढलं आणि अक्षराकडे बघत बसले. मी सुजलेल्या सांध्यांवर तीन वर्षं घालवतेय, उंदरांच्या गुडघ्यांची जाडी रोज मोजते, आणि तुझे हात मला दिसले नाहीत.

आमचं औषध माणसाला द्यायला अजून कितीतरी वर्षं जातील. मी तुला चोरून आणून देणार नाही आणि तूही मागू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. पण सांध्यांचे डॉक्टर आजही असतात. तुला जायचंय, आणि या आठवड्यात जायचंय.

आणखी एक. बाई म्हणतात, कारण कसं सापडलं ते सांगितल्याशिवाय मी तुला व्यासपीठावर चढू देणार नाही. म्हणजे पडद्यावर ते वेष्टण दिसणार, हातभर मोठं. बाबांनी परिषदेच्या दिवसाची तिकिटं काढली आहेत. ते पडद्यावरून कळण्याआधी तुझ्या तोंडून कळू दे.

भुणभुण

३ एप्रिल

भुणभुणे,

अक्षर बघून दचकू नकोस. सांगणारी मीच आहे, लिहिणारी तुझी आई. डॉक्टरांनी माझ्या दोन्ही मनगटांना पट्टे बांधलेत, आठवडाभर. (तीन आठवडे. आई.)

सांगितलं एकदाचं. जेवणं होऊ दिली, कारण उपाशीपोटी भांडण नको. मग गादीखालची सगळी वेष्टणं पिशवीत भरून आणली होती ती टेबलावर ओतली. म्हटलं, हा बघा माझा साबण. तीन वर्षांचा.

मला वाटलं दादा ताट सरकवून उठेल. त्याने एक वेष्टण उचललं, वास घेतला आणि म्हणाला, "म्हणजे तीन वर्षांपूर्वी साबण चांगला झाला, तो असा होय."

मी विचारलं, चांगला झाला म्हणजे? दादा वहिनीकडे बघतो, वहिनी खरकट्या ताटांकडे. (मी ताटं उचलत होते. आई.)

हळूहळू एकेक निघायला लागलं. माझ्या साबणाने अंगाची आग व्हायची. सगळ्यांच्या. वीस वर्षं. दादाच्या मानेवर पुरळ यायचं ते हवेने नव्हे. वहिनी कपड्यांच्या कपाटात दुकानातली वडी दडवून ठेवायची. (तुला त्यानेच अंघोळ घालायचे. आत्याच्या साबणाने तू किंचाळायचीस. आई.) तिच्या बहिणी माझ्या वडीने फरशा पुसायच्या, आणि फरशा लख्ख निघायच्या म्हणे, हे त्यातल्या त्यात कौतुक. चौदा घरांतली अकरा घरं गेल्या तीन वर्षांतली आहेत. मी विचारलं, एवढं होतं तर एकाने तरी तोंड उघडायचं होतं. दादा म्हणाला, "तू चार चार तास ढवळायचीस आमच्यासाठी. कुठल्या तोंडाने सांगणार?"

मला राग आला, मग हसू आलं, मग रडू आलं, आणि तिन्ही एकदम करताना असा ठसका लागला की वहिनीला पाठ चोळावी लागली. तेव्हा तिने माझा हात धरला आणि बोटं उघडून बघितली. उघडत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रिक्षा उभी होती.

दादा तेलवाल्याची माफी मागून आला. पंखेवाल्याचीही मागितली. तो माणूस चांगला निघाला, आमचा खालचा पंखा त्याने बसवून दिला.

तुझ्या पडद्यावर वेष्टण खुशाल दाखव. शनिवारी आम्ही तिघंही येतोय. मला पुढे बसव, मागून ऐकू येणार नाही. तुझ्या आंबट बाईंना मी भेटणार आहे. गोड वागेन.

आत्या

(ती दमून वर गेली आहे, आता माझं. डॉक्टरांनी तिला विचारलं, किती दिवस दुखतंय? ती म्हणाली, पाच वर्षं. मी तिथेच बसल्या बसल्या मोजलं. दुकानातला साबण सुरू होऊन तीन वर्षं झाली. म्हणजे त्याआधी दोन वर्षं ती त्या सुजलेल्या बोटांनी चार चार तास ढवळत बसायची, आमच्यापैकी कोणालाच नको असलेला साबण करत, आणि आम्ही खाली बसून छान झालाय म्हणत होतो. एकाने एकदा खरं सांगितलं असतं तर ती दोन वर्षं तिची वाचली असती. आधी वाटलं, हे तिला कळता कामा नये, तिला फार लागेल. मग लक्षात आलं की आजवर आम्ही हेच करत आलो. म्हणून ती उठली की हे सगळं तिला वाचून दाखवणार आहे, मोठ्याने, आणि मगच पाकीट चिकटवीन. आई.)